काटेरावांची पाटी आणि भुरीचं दार

एका जंगलात सगळे प्राणी लिहायला एकाच हातची पाटी वापरत.

आता बाळांनो, लगेच हात वर करू नका. प्राण्यांना लिहिता कसं येतं, हा प्रश्न तुम्ही मागच्या गोष्टीतही विचारला होता. त्या जंगलात मोर प्रधान होता. मोर प्रधान होऊ शकतो, तर सशाला लिहिता का येऊ नये? मांडी घालून बसा आणि ऐका.

ही पाटी केली काटेरावांनी. काटेराव म्हणजे एक साळिंदर. अंगभर काटे आणि स्वभाव मऊ. आपण कंद कुठे पुरले ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी नदीतला एक गुळगुळीत दगड आणला, त्याला कुठलासा चीक फासला आणि आपल्याच एका काट्यानं त्यावर लिहिलं. मग पुसलं. मग परत लिहिलं. झाली पाटी. तिच्यावर एखादं लिहिलेलं पान ठेवलं की पानावरचा मजकूर पाटीवर दिसे. तो खोडावा, बदलावा, वाढवावा आणि पुन्हा पानावर उतरवावा. याच्यापलीकडे पाटी काही करत नसे.

शेजाऱ्यानं मागितली, काटेरावांनी त्याला करून दिली. शेजाऱ्याच्या शेजाऱ्यानं मागितली, त्यालाही दिली. बघता बघता पाटी नाही असं बीळ जंगलात उरलं नाही. सिंहाची फर्मानं पाटीवर तयार होत. माकडांची भांडणं पाटीवर चालत. मुंग्या तर काय जेवायचं ते आधी पाटीवर लिहीत आणि मगच जेवत.

आणि या सगळ्याबद्दल काटेरावांना काय मिळालं? तक्रारी मिळाल्या. सकाळी ते कंद उकरायला निघाले की वाटेत कुणीतरी उभं असेच. "काटेराव, पाटी हाताला गार लागते हो." "काटेराव, पुसताना करकर वाजते." एखादा कंद घेऊन मात्र वाटेत कधी कुणी उभं राहिलं नाही. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

तर प्रधान होते मोरपंत. त्यांना साधी वस्तू बघवत नसे. एक दिवस ते पिसारा सावरत काटेरावांकडे आले.

"काटेराव, जग कुठे चाललंय आणि आपली पाटी बघा. नुसती लिहिते."

"पाटी आहे, मोरपंत. ती लिहिणारच."

"तेच म्हणतो मी. तिला काही महत्त्वाकांक्षा नाही."

मग पाटीला महत्त्वाकांक्षा आली. हत्तीला बारीक अक्षर दिसत नव्हतं. तर पानाच्या समासात 'अक्षर मोठं कर' असं लिहायचं, की पाटी अक्षर मोठं करी. वटवाघळाला उलटं वाचायची सवय. तर समासात 'उलटं दाखव' असं लिहायचं, की पाटी मजकूर उलटा दाखवी. कुणाला हिरवी अक्षरं हवी होती, कुणाला जांभळी. पान ठेवलं की पाटी आधी समास वाचायची, समासातली आज्ञा पाळायची आणि मग मजकूर दाखवायची. सगळे खूश झाले. मोरपंतांनी तर पाटी जांभळी अक्षरं दाखवते हे बघायला शेजारच्या जंगलातून पाहुणे बोलावले.

मग बिळात राहणारे म्हणाले, आमच्याकडे अंधार असतो, वाचता येत नाही. मोरपंत म्हणाले, मग समासात लिहा, 'दार उघड'. काटेरावांनी एक लांब वेल घेतली. तिचं एक टोक पाटीला बांधलं, दुसरं बिळाच्या दाराला. समासात आज्ञा दिसली की पाटी वेल ओढी, दार उघडे आणि मजकुरावर स्वच्छ ऊन पडे.

वेल बांधताना काटेराव जरा थांबले होते. "मोरपंत," ते म्हणाले, "समासात कुणी लिहिलंय, हे पाटीला कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? ज्याच्या घरात पाटी, त्याचीच आज्ञा."

"पण पानं तर एकमेकांकडून येतात."

"तुम्ही फार विचार करता," मोरपंत म्हणाले. ते स्वतः सागाच्या उंच फांदीवर झोपत. त्यांना दार नव्हतं.

काटेरावांना अजून पाच-पंचवीस घरांच्या वेली बांधायच्या होत्या आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी पुढची वेल उचलली.

आता आपल्या गोष्टीत भुरी येते. भुरी ही एक सशीण. झऱ्याच्या अलीकडे तिचं बीळ होतं आणि त्या बिळात तिची चार पिल्लं होती, नुकती डोळे उघडलेली. धाकट्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याचं नाव ठिपकू. तो झोपेतसुद्धा आईचा कान तोंडात धरून झोपे.

भुरीची मैत्रीण होती टिटवी. टिटवी उघड्या माळावर राही. तिला बीळ नाही, ढोली नाही, घरटंसुद्धा नाही. चार खड्यांमध्ये अंडी घालायची आणि कुणी जवळ आलं की ओरडायचं, हेच तिचं घर. तिचं ओरडणं अशुभ असतं, असं जंगलात सगळे म्हणत. ती ओरडते तेव्हा काहीतरी वाईट होतं, हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं. पुढचा विचार करायला त्यांना सवड मिळाली नव्हती.

पिल्लांच्या बारशाला टिटवीनं भुरीला पान लिहिलं. नवं पान कोण शोधत बसणार, म्हणून मुंगसाकडून आलेलं एक जुनं पान पुसून घेतलं. मजकूर पुसला, समास पुसायचा राहिला. त्या समासात मुंगसानं स्वतःसाठी कधीतरी लिहिलं होतं, 'दार उघड'. कावळा ते पान घेऊन गेला आणि भुरीला आवडलं का ते बघायला टिटवी मागोमाग गेली.

ती बिळापाशी पोचते तोच बिळाचं दार आपोआप उघडलं. आत भुरी पाटीसमोर बसली होती आणि चार पिल्लं उन्हात डोळे मिचकावत होती.

"भुरी, दार तू उघडलंस?"

"नाही गं. तुझं पान ठेवलं, तसं उघडलं. बरं झालं, उजेड आला."

"पण तू काही लिहिलं नाहीस. आज्ञा माझ्या पानावरून आली."

"मग?"

"मग पान माझं आणि दार तुझं, भुरी. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर?"

भुरीनं ठिपकूकडे पाहिलं. मग दार लावलं, पान उचललं आणि परत पाटीवर ठेवलं. दार परत उघडलं.

टिटवी तडक काटेरावांकडे गेली. तिनं सांगितलं आणि काटेरावांच्या अंगावर काटा आला. साळिंदराच्या बाबतीत हे लगेच दिसतं.

"मला तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले. त्यांनी टिटवीवर चिडचिड केली नाही, तिला खोटं पाडलं नाही. कंद तसेच टाकून ते कामाला बसले. त्यांनी वेलीला एक नवी गाठ शोधून काढली. ही गाठ असली की पाटी वेल ओढण्याआधी घरधन्याला विचारी, 'उघडू का?' पण ही गाठ जुन्या गाठीवर बसत नव्हती. ज्यानं त्यानं आपली पाटी घेऊन यायचं, थोडा वेळ उभं राहायचं, काटेराव गाठ बदलून देणार.

आता हे सगळ्यांना सांगायला हवं होतं. सांगायचं काम मोरपंतांचं.

"पाटीला भोक आहे असं सांगू?" मोरपंत म्हणाले. "शेजारच्या जंगलात काय तोंड दाखवू मी? लोक घाबरतील. मी व्यवस्थित सांगतो."

आणि त्यांनी वडावर सूचना लावली. 'आपल्या लाडक्या पाटीची अक्षरं आता अधिक गोंडस. शिवाय काही किरकोळ डागडुजी. सवडीनं गाठ बदलून घ्यावी.'

बाळांनो, तुम्ही गेला असतात का? खरं सांगा. तेही गेले नाहीत. अक्षरं होती तेवढी गोंडस पुरे होती. कावळा रोज सकाळी दारोदार ओरडायचा, "गाठ बदला, गाठ बदला." हत्ती म्हणायचा, नंतर आठवण कर. रानडुक्कर म्हणायचं, उद्या. बाकीचे म्हणायचे, कावळा ओरडतोय म्हणजे आज कुणीतरी पाहुणा येणार. जे थोडे जाऊन आले तेही वैतागले. "पाटी सारखी विचारते हो. माझ्याच घरात मला प्रश्न," असं म्हणून त्यांनी जुनी गाठ परत मारून घेतली.

वडावरची ती सूचना शेवटपर्यंत फक्त एकानं वाचली. तो म्हणजे रानबोका. 'किरकोळ डागडुजी' या शब्दांपाशी तो बराच वेळ उभा होता.

भुरीला जायचं होतं. तिला तर कारण माहीत होतं. पण काटेराव झऱ्यापलीकडे राहत आणि चार पिल्लं कुणाच्या भरवशावर टाकायची?

"मी उद्या येऊन बसते पिल्लांपाशी," टिटवी म्हणाली. "तू जाऊन ये."

घरी जाताना वाटेत टिटवीनं वडावरची सूचना वाचली. ती वाचून तिला राहवेना. ती वडाभोवती घिरट्या घालत ओरडली, "गोंडस अक्षरांचं सोडा. दुसऱ्याच्या पानानं तुमचं दार उघडतंय. गाठ बदला."

संध्याकाळच्या आत तिला पकडलं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सिंह आला, बसला आणि झोपला. काम मोरपंतांनी चालवलं. भुरीला साक्षीला बोलावलं होतं. पिल्लं तिनं शेजारच्या उंदरीणबाईंपाशी ठेवली होती. उंदरीणबाई कबूल झाल्या होत्या, पण सभा संपेपर्यंतच.

"भुरीबाई, या टिटवीनं तुमच्या परवानगीशिवाय तुमचं दार उघडलं की नाही?"

"उघडलं, पण ते..."

"पण नको. दोनदा उघडलं?"

"दुसऱ्यांदा मीच तिचं पान..."

"दोनदा उघडलं," मोरपंतांनी सभेला सांगितलं. मग ते टिटवीकडे वळले. "इतकी वर्षं पाटी आहे. कधी कुणाचं दार असं उघडलं नव्हतं. तू उघडलंस. म्हणजे भोक पाडलं कुणी?"

"भोक होतंच, मोरपंत. मला फक्त दिसलं. पटत नसेल तर एक पान द्या, आत्ता दाखवते."

"ऐकलंत?" मोरपंत म्हणाले. "अजून एक दार उघडायची तयारी आहे हिची."

सभेत कुजबुज झाली. हत्तीनं मान हलवली. काटेराव मागून पुढे येत म्हणाले, "ती खरं बोलतेय. चूक माझ्या वेलीची आहे. गाठ बदलली की..."

"काटेराव, तुमचा मनाचा मोठेपणा आम्हाला माहीत आहे," मोरपंत म्हणाले आणि त्यांना खाली बसवलं.

निकाल लागला. टिटवीनं नदीपलीकडच्या वाळूवर राहायचं. जंगलाच्या हद्दीत तिनं चोच उघडायची नाही. आणि जो कोणी आता गाठ बदलायला जाईल, तो अफवेवर विश्वास ठेवणारा समजला जाईल.

सभेत सगळ्यात मागे रानबोका बसला होता. टिटवीचं बोलणं इतकं मन लावून दुसऱ्या कुणीच ऐकलं नाही. 'एक पान द्या, आत्ता दाखवते' या वाक्याला तर त्यानं डोळे मिटून घेतले.

भुरी घरी आली. टिटवीच्या बाबतीत तिला स्वतःची शरम वाटत होती. आपण 'पण' म्हणून थांबलो, पुढचं बोललो नाही, हे तिला टोचत होतं. तिनं ठरवलं, कुणी काही समजो, उद्या उंदरीणबाईंच्या पाया पडू आणि गाठ बदलून आणू. पण दुसऱ्या दिवशी उंदरीणबाईंनी पाहुणे येणार म्हणून नकार दिला. त्यांच्या दारात सकाळी कावळा ओरडून गेला होता.

त्याच दुपारी भुरीकडे एक पान आलं. कोपऱ्यात मोरपीस खोचलेलं होतं, अगदी खरं मोरपीस. मोरपिसं जंगलात कुठेही पडलेली असतात, पण पानाला खोचलेलं पीस पाहिलं की कुणालाच ते आठवत नाही. पानाच्या पाठीवर लिहिलं होतं, 'प्रधानांकडून. टिटवीच्या अफवेमुळे घाबरलेल्या मातांसाठी. तुमची पाटी सुरक्षित आहे. खात्री करून घेण्यासाठी हे पान ताबडतोब पाटीवर ठेवा.'

भुरी ते पान हातात घेऊन बसली. ठेवावं की नको? पण मनातून तिला हेच कुणीतरी सांगायला हवं होतं, की सगळं ठीक आहे. चार पिल्लांची आई दिवसभर घाबरलेली राहू शकत नाही. तिनं पान पाटीवर ठेवलं.

पाटीनं आधी समास वाचला.

नदीपलीकडच्या वाळूवरून टिटवीला भुरीचं बीळ दिसत होतं. बिळासमोरच्या गवतात एक पाठ दिसत होती, पिवळी, पट्ट्यांची. दार हललं तशी ती पाठ हलली. जंगलाच्या हद्दीत ओरडायचं नाही, असा हुकूम होता. टिटवी हद्दीबाहेर होती. ती जीव तोडून ओरडली.

भुरीनं तो आवाज ओळखला. तिनं पाटीकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं नाही. पिल्लांना तोंडानं ढकलत मागच्या भोकातून बाहेर काढलं. पहिलं निघालं, दुसरं निघालं, तिसरं निघालं.

ठिपकू निघाला नाही.

याच्यापुढे त्या दुपारचं मी काही सांगणार नाही.

पुन्हा सभा भरली. सिंहाला जागं केलं होतं, तो पुन्हा झोपला.

"क्रम नीट लक्षात घ्या," मोरपंत म्हणाले. "आधी टिटवी ओरडली, मग अनर्थ झाला. अशुभ म्हणतात ते उगीच नाही."

"दार पानानं उघडलं," भुरी म्हणाली. या वेळी ती थांबली नाही. "माझ्या घरात रानबोका शिरला. त्या पानावर तुमचं मोरपीस होतं."

मोरपंतांनी पिसाऱ्याच्या टोकानं डोळे टिपले.

"म्हणजे माझ्या पिसाचा गैरवापर झाला," ते म्हणाले. "माझं नाव वापरलं गेलं. मित्रांनो, या प्रकरणात खरी झळ मला बसली आहे."

पुष्कळांनी डोळे पुसले. मग असं पुन्हा होऊ नये म्हणून एखादा जाणकार नेमावा असं ठरलं. दारांची, वेलींची, पाटीची ज्याला आतून माहिती आहे असा कुणीतरी हवा होता. काटेराव उठत होते, तेवढ्यात मागून रानबोका उठला. तो पंजा चाटत होता.

"अनुभवाचं म्हणाल," तो नम्रपणे म्हणाला, "तर असं दार आतून पाहिलेला सभेत मी एकटाच आहे."

हे कुणालाच नाकारता येईना. रानबोका पाटीसंरक्षक झाला. त्यानं पहिला सल्ला तिथल्या तिथे दिला. गाठी कुणी आपल्या आपण बदलू नयेत. तो स्वतः घरोघरी येऊन पाटी तपासेल. लोकांनी फक्त दार उघडं ठेवावं आणि लहान मुलांना घरी ठेवावं. टाळ्या वाजल्या. वडावर नवी सूचना लागली आणि ही मात्र सगळ्यांनी वाचली.

काटेरावांना हार घातला. त्यांच्या काट्यांमुळे तो नीट बसला नाही. हार घालता घालता मोरपंतांनी पुढचं काम सांगितलं. आता पाटीनं नुसतं दार उघडू नये, आलेल्या पानांना परस्पर उत्तरंही द्यावीत.

काटेराव हार घेऊन घरी गेले नाहीत. तो त्यांनी वाटेत काढून ठेवला.

भुरी तीन पिल्लं घेऊन नदी उतरली आणि टिटवीच्या वाळूवर आली. पिल्लं भिजली होती.

"इथे दार नाही गं," टिटवी म्हणाली.

"तेच बघून आले."

"रात्री थंडी वाजेल. वर घारी असतात."

"तू ओरडशील ना?"

"मला दुसरं येतंच काय," टिटवी म्हणाली. आणि मग भुरी पहिल्यांदा रडली.

चार दिवसांनी काटेराव नदीकाठी आले. त्यांनी भुरीसमोर एक गुळगुळीत दगड ठेवला. त्याला वेल नव्हती. तो समास वाचत नव्हता, अक्षरं मोठी करत नव्हता.

"ही नुसती लिहिते," ते म्हणाले. मग ते तिथेच वाळूवर बसून राहिले.

भुरीनं त्यांचा काटा घेतला आणि पाटीवर एकच शब्द लिहिला, ठिपकू. तो तिनं पुसला नाही. म्हणून ती पाटी पुढे कुणाच्या काही कामाला आली नाही.

तात्पर्य : धोक्याची सूचना, बाळांनो, नेहमी धोका होऊन गेल्यावर द्यावी. आधी दिली तर तिला अफवा म्हणतात आणि देणाऱ्याला वाळूवर पाठवतात. नंतर दिली तर तिला सल्ला म्हणतात आणि देणाऱ्याला पद मिळतं. तेव्हा मोठे झाल्यावर टिटवी होऊ नका. रानबोका व्हा. आणि आता उठा, घरी जा. तुमच्या घरची चमकती पाटी केव्हापासून गाठ बदलू का म्हणून विचारतेय. तिला सांगा, नंतर आठवण कर.